निळी वायर

माझे वडील, क्लॅरी हॉबडे, चाळीस वर्षं ट्रेलरमध्ये घोडे घालून ब्राउन माउंटनचा घाट उतरत आले. त्यामुळे त्या घाटाबद्दल कुणी त्यांना काही सांगितलेलं त्यांना खपत नसे, आणि मी तर त्यांची मुलगी. मी कूमा गावात गाड्यांच्या वायरिंगची कामं करते. बाबा निम्मिटाबेलच्या पलीकडे शेतावर एकटे राहतात, दोन क्लाइड्सडेल घोड्यांबरोबर. आठ-आठशे किलोची, पायांवर पांढऱ्या केसांचे झुबके असलेली ती जोडी दर फेब्रुवारीत घाटाखाली बेगा गावच्या जनावरांच्या प्रदर्शनाला जाते.

या वर्षी प्रदर्शनाच्या आधी त्यांनी गाडी माझ्याकडे तेल बदलायला आणली. ब्रेकही बघून घ्यावेत म्हणून मी चाक काढलं तर पुढच्या ब्रेकची डिस्क निळी-जांभळी पडलेली. लोखंड भयंकर तापल्याशिवाय त्याला तो रंग येत नाही.

"बाबा, हे मागच्या वर्षी घाटात झालं ना?"

"उतारावर ब्रेक तापतातच."

"इतके? ट्रेलरचे ब्रेक काय करत होते मग?"

"तुला तेल बदलायला सांगितलंय, ग्लेनिस. उलटतपासणी घ्यायला नाही."

मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. तिथे ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक लावणारा, त्यांनी स्वतः बसवलेला वीस-बावीस वर्षांपूर्वीचा कंट्रोलर होता. पाय ब्रेकवर पडला की तो क्षणभर थांबायचा आणि मग ट्रेलरच्या ब्रेकना ठरावीक वीज सोडायचा. गाडी हळू थांबवा नाहीतर जोरात, त्याला काही फरक पडत नसे. वायर शेवयांएवढी बारीक, मधे दोन ठिकाणी पिळा मारून चिकटपट्टी गुंडाळलेली. तेवढ्या वायरीतून मागे पोचून पोचून किती वीज पोचणार? म्हणजे मागच्या वर्षी घोड्यांसकट पावणेतीन टनांचा ट्रेलर जवळजवळ सगळा या गाडीच्याच चार चाकांनी धरला होता. बाबांनी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

"हा बदलल्याशिवाय घोडे खाली जाणार नाहीत," मी म्हटलं.

"घोडे माझे आहेत."

"आणि बाप माझा आहे."

दोन दिवसांनी मी सामान घेऊन शेतावर गेले. बॅटरीपासून मागच्या सॉकेटपर्यंत जाड वायर नव्याने ओढली, फ्यूज टाकला, आणि स्टिअरिंगजवळ, हात सहज पोचेल असा नवा कंट्रोलर पक्का बसवला. गाडी किती जोरात थांबते आहे हे तो ओळखतो आणि ट्रेलरचे ब्रेक तेवढ्याच जोराने लावतो. त्याला ब्रेकचा जोर आकड्यात दाखवणारा एक छोटा पडदा असतो, आणि फक्त ट्रेलरचेच ब्रेक हाताने लावायचं एक बटण. बाबा चहाचा मग घेऊन दाराशी उभे होते.

"त्याला घोड्यांना चाराही घालता येतो का?"

"तो तुमच्यासारखा टोमणे मारत नाही, एवढंच खूप आहे."

शेवटी मी ट्रेलरकडे वळले. त्याच्या सगळ्या वायरी ज्या प्लगमधून गाडीच्या सॉकेटला जोडल्या जातात, तो हातात घेतला. "ट्रेलरचा प्लग बघते जरा."

"तो नको उघडूस. गेल्या हिवाळ्यात नवीन बसवलाय मी."

प्लग बाहेरून स्वच्छ दिसत होता. मी तो उघडला नाही. गाडीला ट्रेलर जोडून आम्ही डांबरी रस्त्यावर गेलो. ताशी तीसच्या वेगात मी बटण दाबलं आणि ट्रेलरने आम्हाला मागून पकडून धरल्यासारखं केलं. बाबांच्या भुवया वर गेल्या. "हं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे कौतुकच.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. ट्रेलरचे दिवे तपासले, सगळे लागत होते. टॅन्सी आणि ब्रँबल ही घोड्यांची जोडी शहाण्यासारखी आत चढली. गाडी बाबाच चालवणार होते. त्यावर मी वाद घातला नाही. शेतापासून नऊ किलोमीटर कच्चा रस्ता आहे, नालीदार पत्र्यासारख्या वळ्या पडलेला. दात वाजवत आम्ही तो पार केला आणि हमरस्त्याला लागलो.

घाटाच्या तोंडाशी समुद्राकडून धुकं वर येत होतं. रस्ता ओला होता. बाबांनी तिसरा गिअर टाकला, वेग पंचेचाळीस. पहिली दोन वळणं अशी गेली की मागे ट्रेलर आहे हे जाणवलंही नाही. मी पाठ सैल सोडली.

तिसऱ्या वळणाच्या आधी पडद्यावरचा आकडा गेला आणि लाल अक्षरं लुकलुकायला लागली. ट्रेलर जोडलेला नाही, असं ती म्हणत होती.

मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"बाबा, ट्रेलरचे ब्रेक गेले."

"गेले म्हणजे?"

"म्हणजे नाहीत. दुसरा गिअर टाका. आत्ता. वेग वाढायच्या आत."

त्यांनी ब्रेक दाबला आणि दाबूनच ठेवला. मागून धक्का बसला. ट्रेलर आम्हाला पुढे ढकलत होता, आणि गाडीचा मागचा भाग ओल्या रस्त्यावर किंचित बाजूला सरकला. ट्रेलरमध्ये एका घोड्याने पाय आपटले.

"सोडा! दाबा, सोडा, दाबा, सोडा. धरून ठेवू नका. गिअर!"

त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर होता, पण दांडा हलत नव्हता. आधी मला वाटलं गिअरच अडकला. मग दिसलं, त्यांची बोटंच मिटत नव्हती. हात थरथरत होता आणि दांड्यावरून निसटत होता.

"क्लच दाबा," मी म्हटलं. त्यांच्या हातावर माझा हात ठेवला आणि दोघांच्या हातांनी दांडा मागे ओढला. दुसरा गिअर पडला. इंजिन किंचाळलं. वेग पंचेचाळीसचा चाळीस झाला, मग पस्तीस. ब्रेक जळल्याचा वास गाडीत शिरला.

धुक्यातून दोन दिवे वर येताना दिसले. ओंडक्यांनी भरलेला ट्रक, निम्मा आमच्या बाजूला. बाबांनी गाडी डावीकडे घेतली, इतकी की झाडांच्या फांद्या आरशाला घासल्या. ट्रक गेला. त्याने उडवलेल्या तुषारांत काही क्षण पुढचं काहीच दिसेना.

"पुढे खडी टाकलेली जागा आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "वळणानंतर, डाव्या हाताला. मला माहीत आहे."

"पेडल कसं लागतंय?"

"मऊ. पण आहे अजून."

वळण संपलं आणि ती जागा दिसली. त्यांनी दोनदा ब्रेक दाबून सोडला, तिसऱ्यांदा दाबला, गाडी खडीत घातली. चाकं खडीत रुतत गेली आणि आम्ही थांबलो. मी उडी मारून उतरले आणि चारही चाकांना दगड लावले. मग ट्रेलरचं पुढचं छोटं दार उघडलं. टॅन्सी घामाने भिजली होती, पण दोघंही पायांवर उभी होती.

प्लग उघडायला मला एक मिनिट लागलं. आत बुरशीसारखा हिरवा गंज साचलेला. ब्रेकची निळी वायर तिच्या स्क्रूतून निसटून मोकळी लोंबत होती. दिव्यांच्या वायरी जागेवर होत्या, म्हणून सकाळी दिवे लागले. कच्च्या रस्त्याने हिचा जीव घेतला होता.

"हा नवीन नाहीये, बाबा."

ते कठड्याला टेकून उभे होते. "नाहीये."

"मग का सांगितलंत?"

"आणला होता नवीन. फडताळात आहे." त्यांनी हात खिशात घातले. "ते स्क्रू एवढे एवढेसे असतात गं. हातात राहात नाहीत. तीन दिवस बसलो होतो घेऊन."

"किती दिवस चाललंय हे?"

"झालं असेल दीड वर्ष."

मला ओरडायचं होतं. पण मी त्या प्लगच्या आत न बघता गाडी रस्त्यावर आणली होती, आणि ते काम माझं होतं. मी पिशवीतून पक्कड काढली. वायरचं टोक कापून सोललं, दुमडून स्क्रूखाली घट्ट आवळलं. पडद्यावर आकडा परत आला. तिथल्या तिथे बटण दाबलं तर ट्रेलरच्या चाकांत ब्रेकची गुणगुण ऐकू आली.

"जुना कंट्रोलर असता तर?" बाबांनी विचारलं.

"जुन्याला काही सांगता येत नव्हतं. पाचव्या-सहाव्या वळणावर तुम्हाला आपोआप कळलं असतं."

ब्रेक थंड व्हायला आम्ही पाऊण तास थांबलो. घोड्यांना पाणी पाजलं. मग बाबा डावीकडच्या दाराने आत बसले आणि त्यांनी सीटचा पट्टा लावायला घेतला. तो खटक्यात बसेना. मी लावला.

उरलेल्या घाटात गाडी मी उतरवली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. प्रत्येक वळणावर पडद्यावरचा आकडा चढायचा, उतरायचा, आणि ट्रेलर मागे मुकाट यायचा. बाबा माझ्या हातांकडे बघत होते.

घाट संपल्यावर बेम्बोका गावात खिम्याची गरम पॅटिस घेतली. अर्धं खाऊन बाबा म्हणाले, "डॉक्टरला दाखवायला हवं, नाही का?"

"सोमवारी मी येते. बरोबर जाऊ."

"तुझ्या गॅरेजचं काय?"

"एक दिवस बंद."

त्यांनी मान डोलावली आणि उरलेलं पॅटिस कागदात गुंडाळून ठेवलं. प्रदर्शनाच्या फाटकाशी आम्ही दोन तास उशिरा पोचलो. घोड्यांच्या जोड्यांची स्पर्धेची फेरी कधीच संपली होती. बाबांनी टॅन्सीला खाली उतरवलं, तिच्या मानेवर कपाळ टेकवलं आणि तसेच उभे राहिले. मी ब्रँबलची दोरी सोडायला आत गेले.