लेण्यातला घण

देवळीत गजेंद्रभाऊंचं कॉम्प्युटर गेमचं दुकान निघालं तेव्हा मी नववीत होते. तिथे मुली जात नसत, म्हणून मी मुद्दाम जायचे. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात भाऊंनी स्पर्धा लावली. गेममधल्या जुन्या, गाडल्या गेलेल्या शहरांतून वाट काढत जो सगळ्यांत आधी रत्न मिळवेल, त्याला सुट्टीभर खेळ फुकट. मला ते बक्षीस हवंच होतं. घरच्यांनी आता पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं, म्हणजे हरले की माझा खेळ संपला.

रोमचे आखाडे, इजिप्तची थडगी, सगळं मी मागे टाकलं. किराणावाल्यांचा नीलेश शेजारच्या मशीनवर होता, थोडाच मागे. मग एक लेणं आलं. आत शिरले आणि मागचं दगडी दार बंद झालं. समोर डोळे मिटून बसलेली मूर्ती, तिच्या कपाळात रत्न. ते काढायचं तर गड्याच्या हातातल्या घणाने मूर्तीचं डोकं फोडायचं.

तो बुद्ध होता. आई रोज सकाळी ज्याच्यासमोर मेणबत्ती लावते, तोच. माझा हात माउसवरून निघाला.

"काऊन थांबली वं मेघा?" भाऊ मागे येऊन उभे राहिले. "फोड लवकर, नीलेश येऊन राह्यला."

"मी नाई फोडत."

"अवं, खरी मूर्ती थोडी हाय? डब्यातलं चित्र हाय ते."

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू अजून वाळून चिकटलेलं होतं.

"हा बी डबाच हाय ना भाऊ? मारा याले लाथ."

भाऊंनी डब्याकडे पाहिलं. पाय काही उचलला नाही.

"मंग मले काऊन सांगता?"

तेवढ्यात नीलेशने फोडली. टाळ्या वाजल्या, बक्षीस त्याला गेलं. मला रडू आलं, पण ते संतापाचं.

"झालं ना आता? ऊठ," भाऊ म्हणाले.

"माझा टाइम बाकी हाय."

मी गेममधल्या माझ्या गड्याला मूर्तीला पाठ न दाखवता मागे मागे नेलं, दाराशी वळवलं आणि घण दारावर घातला. ते तुटायचं नाही, हे गेम बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी वेळ संपेपर्यंत मारत राहिले.