ऐंशी अंगठ्यांचा अर्ज

आमची अक्कल कुठं चरायला गेली होती, देव जाणे!

सेनगावच्या पल्याड आमचा तांडा. दवाखाना होता, डॉक्टर टिकत न्हवता. येई तो महिन्याभरात बदली करून पळे. दोन हजार एक साली अनुश्रीबाई आल्या. कोवळी पोरगी! म्हटलं, ही तर आठवड्यातच जाती. पण न्हाई बाई, राहिली. माझी निलम बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचं पहिलं लेकरू पायाळू आलं आन गेलं. बाईंनी तिला तपासलं, म्हणाल्या, "ह्या वेळी मी आहे ना. घाबरायचं नाही." दीड वर्षानं माझी लेक हसली.

तांड्यात रीत हाय, कोणी भलं केलं तर चारचौघांत बोलून दाखवायचं. तांड्याचे म्होरके शंकरसिंग नाईक, त्यांनी बैठक बसवली. "बाईचं नाव वर गेलं पाहिजे," म्हणाले. मास्तरांनी अर्ज लिहिला, खाली ऐंशी अंगठे. पहिला माझा! जीप भरून जिल्ह्याला गेलो, दवाखान्यांच्या मोठ्या साहेबाच्या हातात अर्ज दिला. साहेब खूश. आमी वाटेत पेढे खाल्ले.

वीस दिवसांत बाईंची बदली आली, वसमतला. एवढी गुणी डॉक्टर मोठ्या दवाखान्यात पाहिजे म्हणे. घ्या! आपल्याच हातानं आपलं घर बुडवलं.

जाताना बाई रडल्या. निलमला म्हणाल्या, "नववा लागला की माझ्याकडंच ये, कळा यायच्या आधीच येऊन राहा." निलम मान हलवत राहिली. मग रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायची. दाराला कुलूप. मी वरडायचे, "काहून बसतीस गं उन्हात?" तर म्हणायची, "याडी, वाटतं, बाई आतून हाक मारतील." माझ्याही जिवाला तेच वाटायचं, खोटं कशाला बोलू? बाईंसारखी पांढरी साडी लांबून दिसली तरी काळीज हलायचं.

आठव्यातच कळा आल्या. जीप मिळाली, वसमतचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत, जीपमधीच पोरगी झाली. मी तिला उलटी धरली, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. रडली न्हाई.

मी लुगड्याचा पदर फाडून तिच्या तोंडावर घालायला लागले. निलमनं माझा हात धरला.

"याडी, बाईंकडंच चाललो ना आपण?"

"व्हय गं माय."

"मग तोंड झाकू नको तिचं. बाई बघतील."