उजव्या अंगठ्याची पट्टी

बंदराकडच्या खिडकीतून ऊन आत आलं की क्लबच्या भिंतीवर पाणी हलल्यासारखं दिसायचं. त्या हलत्या उजेडाकडे बघत बुरईकाका बाकावर बसले होते. आपण जागे आहोत की नाही, याची त्यांना नीटशी खात्री नव्हती. साठ वर्षं ते अलेक्झांड्रियाच्या या क्लबात बॉक्सिंग खेळणाऱ्यांच्या हातांना पट्ट्या बांधत आले होते. तेवढं एकच काम आपल्याला बरं जमतं, असं ते म्हणत, तेही दबकतच.

"काका, मुर्सी सर तापाने पडलेत," शाहंदा समोर येऊन म्हणाली. "आज पट्टी तुम्हीच बांधायची. तासाभरात लढत आहे माझी."

काकांनी दोन्ही हात मागे घेतले. मुली क्लबात येऊ लागल्याला आठ वर्षं झाली होती, पण त्यांच्या पट्ट्या त्यांना शिकवणारा मुर्सीच बांधायचा. परक्या बाईच्या हाताला काकांनी जन्मात हात लावला नव्हता. त्यात या पोरीचा उजवा अंगठा हिवाळ्यात मोडलेला, नुकता सांधलेला. पुन्हा मोडला तर खेळ कायमचा विसरायचा, असं डॉक्टरने बजावलं होतं.

"तुझी तू बांध," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मी माझ्या हाताला बांधतो. बघून कर."

दोघं समोरासमोर बसले. मनगटाला तीन वेढे, तळव्यावरून वर, मग अंगठ्यामागे तिरपी घडी. सरावाची पट्टी शाहंदा रोज स्वतःच बांधायची. पण दुखऱ्या अंगठ्याची ती तिरपी घडी दुसऱ्याच्या हातूनच घट्ट बसते. दोनदा बांधली, दोनदा निसटली.

शाहंदाची आई सनिया मासळीबाजारात कोळंबी विकायची. दुकान बंद ठेवून आली होती, आणि आता तिला राहवेना.

"अहो बुरईभाऊ, डॉक्टरने हिचा अंगठा बसवला तो काय हात न लावता, चिमट्याने?"

"दुपारच्या नमाजासाठी हातपाय धुऊन बसलोय मी. बाईला हात लागला की ते वाया जातं," काका पुटपुटले.

"मग पुन्हा धुवा! एवढा समुद्र पसरलाय दाराशी, पाणी कमी पडतंय का?"

बाकीच्या मुली खिदळल्या. काका कानापर्यंत लाल झाले. शाहंदा मात्र हसली नाही. तिने हात पुढे केला.

"पुन्हा मोडेल का हो काका?"

काकांनी डोळे मिटले आणि तो हात धरला.

मिटल्या डोळ्यांआड भिंतीवरचं पाणी हलतच होतं. त्या पाण्यातून हात वर येऊ लागले. गोदीतल्या हमालांचे, दोरखंडांनी सोललेले. बेकरीतल्या ग्रीक पोरांचे, बोटांच्या बेचक्यांत पीठ अडकलेले. मग गिरणीच्या संघाचे, कापसाची धूळ बसलेले. मग हात कमी होत गेले. कोणी आखातात कामाला गेलं, कोणी आरशासमोर वजनं उचलू लागलं. एक वर्ष तर असं गेलं, की काकांनी रोज येऊन पट्ट्या नुसत्याच गुंडाळून ठेवल्या. आणि मग हे नवे हात, मुलींचे. हा हात त्या सगळ्यांपेक्षा वेगळा असेल, असं त्यांना वाटलं होतं. तसा नव्हता. घाबरलेला प्रत्येक हात करतो तेच हा करत होता. अंगठा मुठीच्या आत लपवत होता.

"बाहेर काढ," काका हळूच म्हणाले. "आत ठेवलास तर तिथेच मोडतो. मीही तुझ्या वयाचा असताना तसाच मोडून घेतला होता."

"तुम्ही खेळायचात?"

"एकच लढत. त्यानंतर पट्ट्याच बांधल्या."

तिरपी घडी बसली. पंचाने पट्टी दाबून पाहिली, त्यावर सही केली.

शाहंदासमोर लढायला उतरलेली पोर्ट सईदची मुलगी चपळ होती. काका गुण मोजत नव्हते. ते फक्त शाहंदाच्या उजव्या मुठीकडे बघत होते. तिसऱ्या फेरीत ती मूठ पूर्ण जोराने लागली, आणि सगळ्यांच्या आरडाओरड्यात काकांचाच श्वास अडकला.

निकाल लागला. शाहंदा दोरांतून खाली उतरली.

"हरले, काका."

"ते असू दे. अंगठा?"

तिने हात पुढे केला. या वेळी काका डोळे उघडे ठेवून पट्टी सोडू लागले. शेवटचा वेढा सुटला तसा तिने अंगठा हलवला, आधी हळूच, मग भराभर. सनियाने मोठ्याने हंबरडा फोडला, आणि तो आनंदाचा आहे हे कळायला काकांना जरा वेळ लागला.