रेडिओच्या लेकीचं कुलूप

सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणत आणि त्याला ते आवडायचं. कात्री हातात आली की तोंड सुरू, आणि ते बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलं नव्हतं. बाकीचे विषय येत-जात असत, लेकीचा विषय मात्र कायमचा मुक्कामाला होता. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना निवारा देणाऱ्या संस्थेत ती काम करायची. त्यांना दुसरीकडे खोली बघून द्यायची, काम मिळवून द्यायची. त्यांचे नवे पत्ते तिच्या लॅपटॉपमध्ये असत.

फक्त एका गोष्टीवरून बापाचं नाक मुरडलेलं होतं. लॅपटॉपला तिनं फर्मवेअर पासवर्ड घातला होता आणि तो ती त्यालाही सांगत नव्हती.

"नेहमीचा पासवर्ड म्हणजे घरातल्या खोलीचं दार, बाबा. हा फाटकाचा आहे," तिनं समजावलं होतं. "चालू केल्या केल्या काळा पडदा येतो, त्यावर कुलपाचं चित्र. तिथं अडला तो अडलाच. पेनड्राइव्ह लावून मागून शिरता येत नाही. डिस्क काढून नेली तरी तिच्यावरचं कुणाला वाचता येणार नाही, तिलाही कुलूप घातलंय मी."

"ते कळलं. पासवर्ड काय ठेवलास?"

"ते नाही कळणार."

"चिमणी ठेवला असशील."

"बाबा, तुम्ही मला घरी चिमणी म्हणता हे तुमच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे."

रेडिओला ते फार लागलं. लहानाचं मोठं आपण केलं आणि पोरगी आपल्यालाच परकं धरते. सलूनमध्ये त्यानं लेकीचं सगळं सांगितलं होतं. तिचे मार्क, तिची ऍलर्जी, सुट्टीच्या दिवशी ती लॅपटॉप घरी ठेवून बाहेर पडते हेसुद्धा. पासवर्डाचं मात्र अवाक्षर काढलं नाही. पोटची पोर बापावर विश्वास टाकत नाही, हे चारचौघांत सांगायचं कसं?

आणि एका सुट्टीच्या दुपारी कुणीतरी घर फोडलं. टीव्ही जागेवर, कपाट जागेवर, फक्त लॅपटॉप गेला.

लेक फोन घेऊन बसली ती उठलीच नाही. एकेका बाईला सांगत होती, आज एकटी राहू नका, दार उघडू नका. मधेच तिनं कपाळ दाबून धरलं.

"कुलूप आहे ना पण?" रेडिओनं हळूच विचारलं.

"आहे. पण कुणी पासवर्ड ओळखला तर एखादीचा नवरा तिच्या दारात उभा राहील, बाबा."

सुट्टीतला लॅपटॉप घरी असतो हे कुणी सांगितलं होतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं लेकीला सांगून टाकलं. ती रागावली नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

त्या आठवड्यात सलूनमधला रेडिओ बंद होता. गिऱ्हाइकं त्याला बोलतं करायला बघून दमली. मग एका सकाळी मऊ आवाजाचा एक माणूस दाढीला आला. हल्ली नेमानं यायचा, मान डोलावत सगळं ऐकायचा. रेडिओनं त्याच्या गालावर फेस चढवला, एक गाल साफ केला.

"तुमची मुलगी हुशार हो," माणूस म्हणाला. "असली मुलं पासवर्डही भारी ठेवत असतील. ते काळ्या पडद्यावर कुलूप येतं ना, तसला. माझ्या भाचीनं म्हणे जन्मतारीख ठेवलीय. तुमच्या मुलीची कधी असते?"

वस्तरा जागच्या जागी थांबला. काळा पडदा. कुलूप. जगातली ही एकच गोष्ट रेडिओनं कुणाला सांगितली नव्हती.

"थंडीतली आहे," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा लेकीबद्दल खोटं बोलला. "थांबा हं, कातडी कोरडी वाटतेय. गरम टॉवेल देतो."

टॉवेलानं त्याचं तोंड डोळ्यांसकट झाकून रेडिओ मागच्या मोरीत गेला आणि लेकीला फोन लावला. परत येऊन त्यानं दुसऱ्या गालावर पुन्हा फेस चढवला. पुन्हा पुसला. पुन्हा चढवला. माणूस वैतागून उठायला गेला, तेव्हा समोर आरसा होता. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर दाढीचं रान आणि वर फेस. असल्या अवतारात रस्त्यावर कोण जाणार? तो निमूट बसला.

लेक पोलिसांना घेऊन आली तेव्हा उरलेला गाल तसाच होता. लॅपटॉप त्याच्या गाडीच्या डिकीत सापडला. त्याची बायको संस्थेनंच दुसरीकडे हलवली होती. लेकीनं तिथंच गल्ल्यावर मशीन ठेवून चालू केलं. काळा पडदा आला, कुलूप आलं. चोरानं शंभर खटपटी केल्या असतील, पण ते जागचं हललं नव्हतं. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि बापाकडे बघितलं. रेडिओचे डोळे भरून आले होते, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

दारात गर्दी जमली होती. फौजदारबाईंनी कागद पुढे ओढला. "पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे? तुम्हाला तर असेलच. वडील ना तुम्ही?"

रेडिओनं खांद्यावरचा टॉवेल नीट केला, छाती पुढे काढली आणि पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "नाही. माझी पोरगी मलासुद्धा सांगत नाही."