चोरांनी न नेलेलं पिस्तूल

पिस्तुलातलं गोळ्यांचं मॅगझिन फरशीवर पडलं, तेव्हा दोघा चोरांपैकी एकाने चक्क खाली वाकून पाहिलं आणि तो खो खो हसायला लागला.

"अरे, म्हाताऱ्याचं पिस्तूल बाळंत झालं की रे!"

आमच्या दुकानाचे पहारेकरी डॉन आन्सेल्मो दारापाशी उभे होते. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे मानाने डॉन म्हणतात. हातात पिस्तूल, आणि त्यातल्या सगळ्याच्या सगळ्या गोळ्या पायाशी. नळीत गोळी भरून ठेवायची नाही, हा पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीचा नियम. त्यामुळे हातात होतं ते नुसतं लोखंड.

"उचला आजोबा, उचला," तो चोर म्हणाला. स्वतःचं चांगलं पिस्तूल त्याने आन्सेल्मोंच्या कपाळाला लावलं होतं. "घाला परत आत. बघू या की."

एकसष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यावर बसला. मॅगझिन आत सारलं, उठून उभा राहिला आणि ते पुन्हा पडलं. चोराने पुन्हा उचलायला लावलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मलाही हसू फुटलं. भीतीने फुटतं तसं, पण फुटलं. आन्सेल्मोंनी ते ऐकलं.

दुसरा माझ्याकडून गल्ला रिकामा करून घेत होता. पहिल्याने आन्सेल्मोंच्या हातातून पिस्तूल घेतलं, नखाने खरवडलं. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पोलादात केसाएवढी भेग दिसली.

"ह्याला तर तडा गेलाय. चुलीला देतात तो रंग फासलाय नुसता." त्याने ते माझ्या काउंटरवर फेकलं, जीभ दाखवणाऱ्या पोराचं चित्र असलेल्या खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी. "ठेवा तुम्हालाच. नातवाला द्या खेळायला."

आणि ते गेले.

आमच्या शेला गावात पहारेकऱ्याचं पिस्तूल न घेता चोर जातच नाहीत. पहारेकरी मारला जातो तोच मुळी पिस्तुलासाठी. गल्ल्यातले पैसे चार दिवसांत संपतात, पिस्तूल जन्मभर कमावून देतं. मी मनात म्हटलं, देवा, म्हातारा वाचला. त्या वाचण्यातच तो मेला, हे मला तीन दिवसांनी कळलं.

डॉन आन्सेल्मो कोयॉय आमच्या औषधांच्या दुकानाच्या दारात अकरा वर्षं उभे होते. दाराला एक वेडीवाकडी पायरी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणायचे, "सांभाळून, पायरी आहे." दिवसातून दोनशे वेळा. मी वैतागून म्हणायचे, "अहो, एक पाटी लिहून लावा आणि गप बसा." ते म्हणायचे, "बाई, जिला वाचता येत नाही ती पडेल ना."

दुसरी सवय म्हणजे उजवा तळवा कायम कमरेवर, पिस्तुलाच्या मुठीखाली दाबलेला. मला वाटायचं, मिजास आहे. मी चिडवायचे, "फोटो काढायला उभे आहात का हो?" ते नुसते हसायचे. एकदा मुतारीतून बाहेर येताना त्यांच्याच पायाशी टण्णकन मॅगझिन पडलं, तेव्हा मला कळलं. मॅगझिन धरून ठेवणारा खटका झिजला होता. पिस्तूल लष्कराने मोडीत काढलेलं, कंपनीने ढिगाने घेतलेलं. वरून काळंभोर, नवरीसारखं नटवलेलं.

"मग सांगा ना कंपनीच्या साहेबांना," मी म्हटलं होतं.

"आमच्यातल्याच एका पहारेकऱ्याने, तोरिबिओने, सांगितलं होतं, बाई. त्याचं पिस्तूल दुरुस्तीला गेलं आणि त्याला म्हणाले, येईपर्यंत घरी बस. चार वर्षं झाली, बसलाय."

औषधांच्या पुड्या बांधायला माझ्याकडे रबरबँडचा डबा असतो. त्यातले दोन मी त्यांना दिले. मुठीखालून वर असे आवळून बांधले की मॅगझिन जागेवर राहायचं. तुटले की नवे. ते डबा मागत नसत, नुसतं काउंटरपाशी येऊन उभे राहत आणि मी दोन काढून देई. तरी तळवा तिथून हलला नाही. रबराचा काय भरवसा?

सोमवारी सकाळी मात्र रबर काढावं लागे. सोमवारी तपासणीला कंपनीचे बार्रियेंतोस साहेब यायचे, पूर्वी लष्करात सार्जंट होते ते. पिस्तुलाचा नंबर बघायचे, वही पुढे करायचे. वहीत छापलेलं असायचं, शस्त्र उत्तम स्थितीत आहे. खाली आन्सेल्मोंची सही. सही म्हणजे काय, सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलेलं नाव. अकरा वर्षांचे सोमवार मोजा म्हणजे किती सह्या झाल्या ते कळेल.

चोरी झाली तो सोमवार होता. साहेब येऊन गेले आणि आन्सेल्मो माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले. समोर गिऱ्हाईक होतं, पोराच्या जुलाबावरच्या औषधासाठी हुज्जत घालत होतं. मी म्हटलं, "थांबा हो जरा, मरतंय का कोणी?" मग मी विसरले. तेही दुसऱ्यांदा मागायला आले नाहीत. दुपारी एक बाई सलाईनची खोकी घेऊन निघाली, तिला पायरीवरून उतरवायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि तेवढ्यात ते दोघे आत शिरले.

गुरुवारी बार्रियेंतोस साहेब आले. बगलेत कागद, हातात कापडात गुंडाळलेलं पिस्तूल, चोरीनंतर त्यांनीच नेलेलं. आमच्या मालकीणबाईही गाडीतून उतरल्या. आन्सेल्मोंना गणवेशाशिवाय बोलावलं होतं. राखाडी स्वेटर घालून ते काउंटरपलीकडे गिऱ्हाइकासारखे उभे राहिले.

"एवढंच सांग," साहेब म्हणाले. "माझी चार माणसं ह्या वर्षी मेली. चौघांची पिस्तुलं गेली. तू जिवंत, तुझं पिस्तूल जागेवर. तुझ्यावर एवढा लोभ का त्यांचा? कोण लागतात तुझे?"

"साहेब, ते बिघडलेलं आहे म्हणून टाकून गेले. मॅगझिन राहत नाही त्यात."

"ही तुझीच सही ना?" वही उघडली गेली. "ही? ही पण? उत्तम स्थितीत, उत्तम स्थितीत... अकरा वर्षं खोटं लिहीत होतास, का आज खोटं बोलतोयस? कुठलं खोटं कबूल करतोस, बोल!"

"हलवून बघा, साहेब. आपोआप पडेल."

साहेबांनी पिस्तूल उचललं, मूठ खाली धरून जोरजोरात हलवलं. काउंटरवर दोनदा आपटलं. मॅगझिन जागचं हललं नाही.

आन्सेल्मोंचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ते म्हणाले, "बघू का?" साहेबांनी दिलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात नेलं. अंगठ्याने खटका चाचपला. नवाकोरा, पांढरा चकचकीत. भेगेवर नवा रंग होता, त्याचा वास अगदी माझ्यापर्यंत येत होता.

"नवा खटका बसवलाय," ते हळूच म्हणाले. "साहेब, किती वेळ लागला हो बसवायला?"

"कसला नवा? काय बरळतोयस?"

"नाही, मी आपलं विचारतो. दहा मिनिटं लागली असतील?"

मग ते माझ्याकडे वळले. "एर्लिंदाबाई, तुम्ही सांगा. तुम्हाला ठाऊक आहे."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं? तुला ठाऊक होतं? बिनकामाचा पहारेकरी दारात उभा होता आणि तू मला बोलली नाहीस?"

मला दोन पोरं आहेत. नवरा सीमेपलीकडे गेला तो तिकडचाच झाला. हे मी पाद्रींनाही सांगून झालंय, त्यांनी मान डोलावली. पण त्या क्षणी माझ्या मनात पोरंबिरं काही नव्हती हो, नुसती भीती होती. आणि भीतीपेक्षा वाईट म्हणजे राग होता, की हा माणूस मला ह्यात का ओढतोय!

"मला काय ठाऊक?" मी म्हणाले. "मी औषधं विकते. हां, कमरेवर हात ठेवून ऐटीत उभे असायचे, एवढं पाहिलंय."

रबरबँडचा डबा समोरच होता. बोलता बोलता मी तो कोपराने ढकलला, ड्रॉवरमध्ये पाडला आणि ड्रॉवर लावून टाकला. आन्सेल्मोंनी पाहिलं. ते माझ्याकडे नाही, त्या ड्रॉवरकडे बघत राहिले. मग त्यांनी पिस्तूल कापडावर ठेवलं, कापडाची चारही टोकं नीट दुमडली आणि साहेबांनी पुढे केलेल्या, कामावरून काढल्याच्या कागदावर एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. चोरांना सामील असल्याचा शिक्का बसलेल्या माणसाला ह्या गावात पहाऱ्याचं काम कोण देणार? कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा कोणी ठेवलं नाही.

त्यांची बायको तोमासा शनिवारी तामाल करते, मक्याच्या पिठाचे, पानात वाफवलेले. आमच्याकडे ज्या घरी तामाल विकायला असतात, त्या घराच्या दारावर शनिवारी संध्याकाळी लाल दिवा लावतात. दोन महिन्यांनी एका शनिवारी मी तिकडे गेले. तामाल घ्यायलाच गेले होते, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

तोमासा भांड्यापाशी होती. भांडं काठोकाठ भरलेलं, केळीच्या पानांतून वाफ येत होती.

"तीन द्या," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "संपले."

"अहो, पण..."

"संपले म्हटलं ना."

माझ्या मागे शेजारची एक बाई येऊन उभी राहिली. "पाच दे गं तोमासा." तोमासाने पाच मोजून पिशवीत घातले. आतल्या स्टुलावरून आन्सेल्मो उठले आणि डाव्या हाताने ती पिशवी त्या बाईपुढे धरली. उजवा तळवा कमरेवर घट्ट दाबलेला होता. तिथे पट्टा नव्हता, काही नव्हतं, राखाडी स्वेटर होता फक्त.

मी निघाले. त्यांच्या उंबऱ्याला पण एक पायरी आहे.

"सांभाळून, बाई," ते मागून म्हणाले. "पायरी आहे."

त्या बाईच्या पिशवीला गाठ मारायची राहिली होती. गाठीला दोन हात लागतात. ती तोमासाने मारली.