उत्तर येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा. अंगावर चिकटपट्टी, काचेवर ओरखडा आणि प्रकृती तोळामासा. तरी अजून चालतो, आणि ते कुणाच्या कृपेने हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यातून निघालो तो एका शहरी दिग्दर्शकाच्या हाती पडलो. तो मला जंगलाकाठच्या वस्तीत घेऊन गेला. तिथली माणसे प्रश्नाला लगेच उत्तर देत नाहीत. आधी थोडे थांबतात. टोपल्या विणणाऱ्या मामांना त्याने विचारले, "जंगल तुमचं कोण लागतं?" मामा थांबले. दिग्दर्शकाला कुठली सवड? त्याने मला बंद केले आणि उत्तर हवेतच विरून गेले. सिनेमात मामा नुसते टकमक बघताना दिसले. मागून आवाज म्हणाला, "या लोकांकडे शब्दच नाहीत." शहरात टाळ्या पडल्या. शाळेत मात्र वस्तीतल्या मुलांना बाकीची मुले 'मुके' म्हणून चिडवू लागली. मामांनी कॅमेऱ्याचे नाव टाकले.

पुढे मी एका दुकानात धूळ खात पडलो. मामांच्या भाचीने मला तिथून उचलले. ती दवाखान्यात नर्स होती. धडपडत मला चालवायला शिकली आणि मामांच्या मागे लागली.

"त्या डबड्यापुढे मी बसणार नाही," मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही नाही बोललात तर आपली पोरं कायमची मुकीच ठरतील."

मामांनी टोपली पुढे ओढली. भाचीने तोच प्रश्न विचारला. मामांचे हात चालत राहिले, तोंड बंद. आता ही मला बंद करणार, असे मी धरूनच चाललो होतो. पण तिचे बोट बटणाकडे गेलेच नाही. टोपलीचा काठ पुरा होत आला, तेव्हा मामा बोलले.

"थोरला भाऊ लागतं. बांबू तोडण्याआधी मी विचारतो, घेऊ का? मग थांबतो. थोरल्याला घाई करायची नसते."

भाचीने आपला हा नवा सिनेमा शाळेच्या भिंतीवर दाखवला. मामा गप्प होते तेव्हा मुले खुसखुसू लागली. मामांची नात म्हणाली, "थांबा रे, बोलतील." सगळे थांबले. मामा भिंतीवर बोलले, तेव्हा मागे बसलेल्या खऱ्या मामांचे डोळे भरून आले. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने माझी काच पुसली आणि म्हणाले, "यालाही थांबता येतं की."

मित्रांनो, इतके कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. त्या भाचीचे उपकार मी विसरणार नाही. माझी काच जपा, मला ओलीपासून दूर ठेवा. आणि कुणासमोर मला धरलेत, तर उत्तर येईपर्यंत बटणाला हात लावू नका. मी थांबेन.