कंटेनरातील बाळंतपण

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीमागे जुन्या कंटेनरांचे एक विस्तीर्ण आवार होते. तेथे धोंडीराम वेल्डिंगचे काम करी. आवाराच्या मालकाने त्यास एक वीस फुटी कंटेनर राहण्याकरिता दिला. परंतु त्यात राहणे म्हणजे साक्षात शिक्षाच होती. चैत्रात त्याचा पत्रा तव्यासारखा तापे आणि पौषात आतून पाणी गाळी. थोरली लेक सविता पहिल्या बाळंतपणास माहेरी यावयाची होती. तिला आणि बाळाला थंडी बाधू नये, एवढी एकच चिंता धोंडीरामाच्या जिवास लागली.

कंटेनरांची घरे बांधणाऱ्या स्नेहलताई या इंजिनिअर त्या आवारात येत असत. त्यांनी मार्ग सांगितला. आतून लाकडी चौकट उभारावी, पत्रा आणि फळ्या यांच्यामध्ये चुन्यात कालवलेला भाताचा तूस ठासून भरावा, छतावर बांबूचा मांडव घालावा. तूस धोंडीरामाने हरसूलकडील आपल्या गावाहून पोत्यांनी आणला. दोन महिने तो आणि त्याची बायको कुसाबाई राबली. शेवटी स्नेहलताईंनी समोरासमोरच्या भिंतींत छताजवळ तळहाताएवढे दोन झरोके पाडविले आणि बजावले, "मामा, तुमच्या कुडाच्या भिंतीतून वारा आपोआप जातो. इथे जाणार नाही. हे कधीही बंद करायचे नाहीत."

धोंडीरामाने मान हलविली. मात्र झरोके कशासाठी, हे त्याने विचारले नाही आणि शिकलेल्या बाईस उलट विचारणे त्यास शोभलेही नसते. गरम हवा बाहेर जावी म्हणून असतील, असे त्याने मनाशी ठरविले.

मुलगा झाला. इस्पितळातून पाचव्या दिवशी सविता घरी आली. घर इतके उबदार होते, की शेजारची लताबाई बाळंतविडा घेऊन आली ती तासभर उठेना. "कुसाबाई, मलाबी हितंच बाळंत करा," असे म्हणून तिने सर्वांस हसविले. तिची स्वतःची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती.

त्या आठवड्यात थंडीचा कडाका वाढला. सविताने बापास सांगितले, की वरून येणारा वारा थेट बाळाच्या टाळूवर उतरतो. धोंडीराम स्टुलावर चढला. गावी धान्याची कणगी लिंपतात तशी त्याने शेणमाती मळली, तीत तूस मिसळला आणि दोन्ही झरोके नीट लिंपून घेतले. सुई शिरेल एवढीही फट त्याने ठेविली नाही. खाली उतरून त्याने बाळाच्या टाळूवर हात धरून पाहिला. वारा थांबला होता. त्याला मोठे समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविताचे न्हाणे झाले. कुसाबाईने रीतीप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सारली, तीवर ओवा टाकला आणि लेकीस पांघरूण घालून दार लावून घेतले. गावी तिच्या आईने तिला असाच शेक दिला होता, तिनेही कित्येकींना दिला होता. बाळास कावीळ होती, त्याला कोवळे ऊन दाखवा असे डॉक्टर म्हणाले होते. म्हणून कुसाबाई त्याला घेऊन बाहेर बसली.

बाळ भुकेने रडू लागले तेव्हा तिने हाक मारली. ओ आली नाही. तिच्या आरडाओरड्याने धोंडीराम कामावरून धावत आला. आत धूर नव्हता, केवळ ओव्याचा वास दरवळत होता. सविता शांत झोपल्यासारखी दिसत होती, गालांवर लाली होती. तिला रिक्षात घालून नेले. डॉक्टरांनी तपासले आणि त्या हवाबंद घरात कोळशाचा विषारी वायू कोंडला, त्यास वास नसतो, म्हणून ती वाचली नाही, इतकेच ते म्हणाले.

दुपारनंतर अग्नी देऊन सर्वजण परतले. जावई भिका कंटेनरासमोर दगडावर बसून राहिला. स्नेहलताई आल्या. झरोके लहान पडले काय, माझाच हिशेब चुकला काय, असे त्या पुन्हापुन्हा विचारीत होत्या. धोंडीरामाला गप्प राहता आले असते. भिकाने वर पाहिले नव्हते.

"ताई, तुमचं काय चुकलं नाय," तो म्हणाला. "भोकं म्या बुजवली. वारा लागत व्हता पोराला."

भिका उठला आणि फाटकाकडे चालू लागला. कोणी त्यास अडविले नाही. थोड्या वेळाने तो परत येऊन त्याच दगडावर बसला.

लताबाईने बाळास पाजले आणि आजीच्या मांडीवर दिले. दिवस कलला, गारठा उतरू लागला. धोंडीरामाने दार सताड उघडले, बाज भिंतीकडे सरकवली आणि बायकोस आत चलण्यास सांगितले.

"त्या पेटीत म्या पोर नेणार नाय," कुसाबाई म्हणाली.

"मंग कुठं नेशील?"

लताबाईचे घर म्हणजे नुसता पत्रा होता. बाळाने हुडहुडी भरल्यागत अंग आवळले. कुसाबाईने पदर त्याच्याभोवती गुंडाळला, आणखी एकदा गुंडाळला. मग ती उठली, उंबऱ्याशी थांबली आणि बाळाचे तोंड उघड्या दाराकडे राहील असे धरून आत गेली.